द्रव्य की घडण? : मळसूत्री रचना आणि वर्तुळध्रुवित प्रकाश यांच्या अभ्यासाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश नेला असता त्याचे ध्रुवणप्रतल उजवीकडे वळते, ही गोष्ट साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत नित्य पडताळली जाते आणि वळणाच्या कोनावरून साखरेचे प्रमाणही ठरविले जाते. परंतु हे प्रतल वळविणारे नेमके काय? साखर नावाचे द्रव्य, की त्या द्रव्यातील अणूंची विशिष्ट घडण? आणि घडणच असेल, तर ती रेणूच्या आतली, की रेणूंच्या परस्परमांडणीची? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उपस्थित झाला व त्यानंतर निरनिराळ्या परिमाणांच्या पातळ्यांवर पुनःपुन्हा विचारला गेला.

गेल्या दोन दशकांत नॅनोमीटर परिमाणाच्या, उजव्या वा डाव्या पिळाच्या धातुरचना तयार करून वर्तुळध्रुवित प्रकाशावरील त्यांचे परिणाम मोजण्याचे कार्य जगभर झपाट्याने वाढले आहे. अशा रचनांना 'कायरल' ही संज्ञा आहे. मराठीत त्यांना 'हस्तधर्मी' म्हणता येईल. ज्या वस्तूची आरशातील प्रतिमा तिच्यावर तंतोतंत बसत नाही ती वस्तू हस्तधर्मी होय. या क्षेत्राचे वर्णन सर्वस्वी नवे म्हणून करण्याची प्रथा पडली आहे. उलटपक्षी, जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्येच हे सर्व करून ठेविले होते, असे प्रतिपादन करणारेही आढळतात. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही मते सारखीच अपुरी ठरतात. घडला तो क्रम अधिक गुंतागुंतीचा, आणि म्हणूनच अधिक उद्बोधक आहे. त्यातील एक महत्त्वाचा दुवा नागपूर विद्यापीठाच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कार्यात सापडतो, ही गोष्ट येथील अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

२. फ्रेनेल यांची उपपत्ती

आरागो यांनी १८११ मध्ये क्वॉर्ट्झच्या पट्टिकेतून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशात रंग दिसतात असे निदर्शनास आणले. ब्यो यांनी पुढील वर्षी त्याचा उलगडा केला. ध्रुवणप्रतल वळते, निरनिराळ्या तरंगलांब्यांसाठी ते निरनिराळ्या कोनांतून वळते, आणि क्वॉर्ट्झचे काही नमुने ते उजवीकडे तर काही डावीकडे वळवितात, असे त्यांना आढळले. १८१५ मध्ये त्यांनी टर्पेंटाइनसारख्या द्रवांतही हाच गुण दाखविला. द्रवात रेणूंची मांडणी नियमित नसते. म्हणून तेथे या गुणाचे अधिष्ठान रेणूच्या आतच असले पाहिजे, हे उघड झाले.

या घटनेची पहिली समाधानकारक उपपत्ती १८२२ ते १८२५ या काळात फ्रेनेल यांनी मांडली. प्रतलध्रुवित प्रकाश हा समान परमप्रसराच्या दोन वर्तुळध्रुवित घटकांचा, एका उजव्या व एका डाव्या घटकाचा, संयोग होय, असे त्यांनी दाखविले. माध्यमात या दोन घटकांचे वेग किंचित भिन्न असतील, तर बाहेर पडताना त्यांच्या कलांत अंतर पडते आणि संयोगाने बनणारे प्रतल वळलेले दिसते. उजव्या व डाव्या क्वॉर्ट्झचे लोलक एकमेकांस जोडून त्यांनी हे दोन घटक प्रत्यक्ष वेगळेही केले.

हा परिणाम केवढा सूक्ष्म आहे याची कल्पना एका हिशेबाने येईल. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी, म्हणजे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीला, क्वॉर्ट्झ दर मिलिमीटरला सुमारे २१.७ अंश इतके वलन घडविते. त्यावरून दोन वर्तुळध्रुवित घटकांच्या प्रणमनांकांतील फरक काढल्यास तो केवळ ०.००००७ च्या आसपास येतो. वलन डोळ्यांत भरते ते माध्यमाच्या लांबीमुळे. मूळ कारण अत्यंत दुर्बळ असते.

दोन घटकांचे केवळ वेगच नव्हे, तर शोषणही भिन्न असू शकते, हे १८९५ मध्ये एमे कॉतों यांनी तांबे व क्रोमियम यांच्या टार्टारिक अम्लयुक्त द्रावणांत दाखवून दिले. या गुणास वर्तुळी द्विवर्णता म्हणतात. आजच्या नॅनोरचनांच्या अभ्यासात मोजली जाते ती मुख्यत्वे हीच राशी.

३. घडणीकडे वळलेली दृष्टी

फ्रेनेल यांच्या उपपत्तीने 'कसे' याचे उत्तर मिळाले, 'का' याचे नव्हे. दोन घटकांचे वेग भिन्न का व्हावेत? या दिशेने पहिला पुरावा स्फटिकशास्त्रातून आला. जॉन हर्शेल यांनी १८२० च्या सुमारास असे दाखविले की, क्वॉर्ट्झच्या स्फटिकावरील विशिष्ट लहान पृष्ठे ज्या बाजूस कललेली असतात त्यावरून वलनाची दिशा सांगता येते. बाह्य आकृती आणि प्रकाशीय गुण यांचा असा संबंध प्रस्थापित झाला. वितळवून काचरूप केलेले क्वॉर्ट्झ मात्र प्रकाशाचे प्रतल वळवीत नाही. द्रव्य तेच, परंतु मांडणी गेली की गुणही जातो. सोडियम क्लोरेटची गोष्टही अशीच आहे. त्याचे स्फटिक वलन घडवितात, द्रावण घडवीत नाही.

१८४८ मध्ये पाश्चर यांनी सोडियम अमोनियम टार्ट्रेटचे उजव्या व डाव्या घडणीचे स्फटिक हाताने वेचून वेगळे केले आणि त्यांची द्रावणे परस्परविरुद्ध दिशांना वलन घडवितात असे सिद्ध केले. येथे घडण रेणूच्या आतली होती. अशा रीतीने एकाच गुणाची दोन अधिष्ठाने ठरली : काही पदार्थांत रेणू स्वतःच हस्तधर्मी, तर काहींत रेणू साधे पण त्यांची मांडणी हस्तधर्मी.

दुसऱ्या प्रकाराचे कृत्रिम उदाहरण १८६९ मध्ये रॉइश यांनी निर्माण केले. अभ्रकाचे पातळ पापुद्रे एकावर एक रचताना त्यांनी प्रत्येक पापुद्रा खालच्यापेक्षा ठराविक कोनातून वळवून ठेविला. अभ्रकाचा पापुद्रा हस्तधर्मी नाही. परंतु जिन्याच्या चक्राकार पायऱ्यांप्रमाणे रचलेली ही चवड क्वॉर्ट्झसारखे वलन घडवू लागली. या कल्पनेस नाव मिळाले ते मात्र बरेच मागाहून. लॉर्ड केल्विन यांनी १८९३ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हस्तधर्माची व्याख्या करून 'कायरॅलिटी' ही संज्ञा योजिली.

हस्तधर्माचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. विदर्भासारख्या कापसाच्या प्रदेशात ते समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. उजवा पीळ दिलेला दोर टोकाकडून टोकाकडे उलटा फिरविला तरी त्याचा पीळ उजवाच राहतो. म्हणूनच रेणू द्रवात कसेही लोळत असले तरी त्यांचे परिणाम परस्परांस छेदून नाहीसे होत नाहीत. पिळाची दिशा बदलावयाची असेल तर दोर उलगडून पुन्हा वळावा लागतो.

४. तागाचा पीळ आणि तांब्याची वेटोळी

जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात मिलिमीटर परिमाणाच्या विद्युत् तरंगांवर जे प्रयोग केले त्यांतील एक प्रयोग या इतिहासात अनन्यसाधारण आहे. १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच 'पिळलेल्या रचनेमुळे विद्युत् तरंगांच्या ध्रुवणप्रतलाचे होणारे वलन' हा होता. तागाच्या तंतूंची जुडी पिळून ती ध्रुवित तरंगांच्या मार्गात ठेविली असता प्रतल वळले. पीळ उलट दिला असता वलनाची दिशाही उलट झाली. एवढ्यावर न थांबता बोस यांनी साखरेच्या द्रावणाची प्रतिकृती करावी म्हणून उजव्या व डाव्या पिळाचे तागाचे लहान लहान तुकडे तयार केले आणि त्यांना 'रेणू' कल्पून प्रयोग केले. एकाच पिळाचे तुकडे घेतले असता वलन मिळाले, दोन्ही प्रकारचे तुकडे समसमान घेतले असता ते नाहीसे झाले.

या प्रयोगाचे तात्त्विक मर्म असे : ताग रासायनिक दृष्ट्या उजवा की डावा हा प्रश्न येथे गैरलागू होता. तरंगलांबी मिलिमीटरांत असल्याने तागाचा रेणू तरंगाच्या दृष्टीने नगण्य होता. तरंगास जाणवत होता तो फक्त पीळ. द्रव्य आणि घडण यांची इतकी स्वच्छ फारकत पूर्वी कोणीही केली नव्हती.

फिनलंडमधील कार्ल लिंडमान यांनी १९१४ पासून हाच विचार स्वतंत्रपणे पुढे नेला. त्यांनी तांब्याच्या तारेची लहान मळसूत्री वेटोळी करून ती कापसात गुंडाळली आणि वाटेल त्या दिशांनी पेटीत भरली. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या 'कृत्रिम द्रवा'तून जाणाऱ्या विद्युत् तरंगांच्या वलनाची मापने आहेत. तरंगलांबी बदलत नेली असता वेटोळ्यांच्या अनुनादाजवळ वलनाचे वर्तन नेमके कॉतों यांच्या द्रावणांसारखे होते. बोस यांच्या प्रयोगात पीळ होता. लिंडमान यांच्या प्रयोगात पीळ आणि अनुनाद दोन्ही होते. आजच्या सुवर्ण-नॅनोरचनांची तार्किक पूर्वज म्हणावयाची तर ती ही वेटोळी होत.

तथापि पूर्वज म्हणणे आणि परंपरा म्हणणे यांत अंतर आहे. बोस यांनी लवकरच आपले लक्ष वनस्पतींच्या प्रतिसादांकडे वळविले. लिंडमान यांचे कार्यही अनेक दशके अल्पसंख्य तज्ज्ञांपुरतेच राहिले. या दोघांकडून थेट निघालेली कोणतीही अखंड संशोधनशाखा दृश्य प्रकाशाच्या क्षेत्रापर्यंत आलेली दिसत नाही.

५. निसर्गातील मळसूत्र : द्रवस्फटिक व भुंगेरे

दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुल्य असे मळसूत्र निसर्गाने आधीच करून ठेविले होते. १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ राइनिट्झर यांनी कोलेस्टेरिल बेंझोएटचे दोन 'वितळबिंदू' आणि त्याचे विलक्षण रंग नोंदविले. या अवस्थेस फ्रीडेल यांनी १९२२ मध्ये 'कोलेस्टेरिक' हे नाव दिले. तिच्यात लांबट रेणू एका पातळीवर समांतर असतात, पण पातळीगणिक त्यांची दिशा हळूहळू वळत जाते. रॉइश यांच्या अभ्रकाच्या चवडीचेच हे रेणवीय रूप. एक पूर्ण फेरा होण्यास लागणाऱ्या अंतरास आट्यांचे अंतर म्हणू. ते पुष्कळ पदार्थांत काही शतक नॅनोमीटर असते.

दुसरे उदाहरण कीटकांतील. मायकेल्सन यांनी १९११ मध्ये पक्षी व कीटक यांच्या धातुसदृश रंगांवर लिहिताना एका सोनेरी भुंगेऱ्याच्या कवचावरून परावर्तित होणारा प्रकाश वर्तुळध्रुवित असल्याचे नोंदविले व त्याचे कारण म्हणून अतिसूक्ष्म मळसूत्री रचनेचे अनुमान केले. नेव्हिल व कॅव्हनी यांनी १९६९ मध्ये भुंगेऱ्यांचे हे कवच म्हणजे कोलेस्टेरिक द्रवस्फटिकाचे प्रकाशीय प्रतिरूप होय असे सविस्तर दाखविले.

या रचनांची गणिती उपपत्ती १९५१ मध्ये डच शास्त्रज्ञ द व्रीस यांनी दिली. तिचा मुख्य निष्कर्ष असा : मळसूत्राच्या अक्षाच्या दिशेने येणाऱ्या प्रकाशाची निर्वातातील तरंगलांबी जेव्हा सरासरी प्रणमनांक आणि आट्यांचे अंतर यांच्या गुणाकाराइतकी असते, तेव्हा मळसूत्राच्याच पिळाचा वर्तुळध्रुवित घटक जवळजवळ पूर्णतया परावर्तित होतो आणि विरुद्ध पिळाचा घटक बिनअडथळा पार जातो. उदाहरणार्थ, आट्यांचे अंतर ३५० नॅनोमीटर आणि प्रणमनांक १.५ असल्यास ५२५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश परावर्तित होईल. पट्ट्याची रुंदी आट्यांचे अंतर व द्विप्रणमन यांच्या गुणाकाराइतकी असते, द्विप्रणमन ०.१ असल्यास ती ३५ नॅनोमीटर येते. या पट्ट्याच्या आसपास वलन दर मिलिमीटरला हजारो अंशांपर्यंत जाते. क्वॉर्ट्झचे २१.७ अंश याच्यापुढे किरकोळ वाटतात.

साध्या आरशावरून परावर्तित झालेल्या वर्तुळध्रुवित प्रकाशाचा हात बदलतो. उजव्याचा डावा होतो. कोलेस्टेरिक मळसूत्रावरून परावर्तित होताना तो बदलत नाही. ही एकच कसोटी दोन प्रकारच्या परावर्तनांतील भेद स्पष्ट करते. आरसा प्रकाशाला फक्त माघारी पाठवितो. मळसूत्र आपल्या आट्यांत बसणाऱ्या प्रकाशालाच माघारी पाठविते.

६. नागपूरचा दुवा

द व्रीस यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १९५१ मध्ये, शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे नागपूर विद्यापीठाची भौतिकीतील एम्. एस्‌सी. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि विद्यापीठास स्थापन होऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. खगोलभौतिकीतील सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्याशी त्यांची गल्लत होऊ देता कामा नये, जरी दोघेही चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याच कुटुंबातील होते. रामन हे प्रस्तुत चंद्रशेखरांचे मामा. स्वतः रामन हेही वित्तखात्यातील अधिकारी म्हणून १९१० मध्ये काही काळ नागपुरास होते. रामन यांनी बंगळूर येथे १९४८ मध्ये स्थापन केलेल्या संशोधन संस्थेत चंद्रशेखर दाखल झाले व स्फटिकांतील प्रकाशीय वलन हा विषय त्यांनी हाती घेतला.

क्वॉर्ट्झ, सोडियम क्लोरेट, हिंगूळ, बेंझिल या स्फटिकांची वलनक्षमता तरंगलांबीनुसार कशी बदलते, हे त्यांनी तपासले. हे पदार्थ लक्षपूर्वक पाहिले असता त्यांच्यातील समान धर्म दिसून येतो. वलनक्षमता तेथे मुख्यतः रेणूच्या अंगची नसून स्फटिकातील मांडणीची आहे. प्रचलित ड्रूड सूत्रात तरंगलांबीच्या वर्गांतील फरक छेदस्थानी एकदा येतो. चंद्रशेखरांना क्वॉर्ट्झच्या मापनांशी उत्तम जुळणारे सूत्र मिळाले त्यात हा फरक छेदस्थानी वर्गरूपाने येतो आणि सुमारे ०.०९३ मायक्रॉन इतकी एकच शोषण-तरंगलांबी गृहीत धरावी लागते.

हा भेद केवळ आकडेमोडीचा नव्हता. दोन एकसारखे आंदोलक काही अंतरावर व परस्परांशी कोन करून ठेविले आणि ते एकमेकांशी युग्मित असले, तर त्यांच्या मूळ वारंवारतेच्या जागी दोन जवळजवळच्या वारंवारता येतात. त्यांपैकी एका आंदोलनास उजवा वर्तुळध्रुवित प्रकाश अधिक भावतो, दुसऱ्यास डावा. या दोहोंच्या फरकातून छेदस्थानी वर्ग असलेले सूत्र आपोआप निघते. म्हणजे सूत्राचा आकारच असे सांगतो की, वलनाचे मूळ एकेका आंदोलकात नाही, तर त्यांच्या परस्परसंबंधात आहे. 'द्रव्य की घडण' या जुन्या प्रश्नाचे हे परिमाणात्मक उत्तर होय.

पुढे केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चंद्रशेखरांनी स्फटिकांवरून होणाऱ्या क्ष-किरणांच्या परावर्तनातील 'विलोप' या परिणामाचा अभ्यास केला. वरवर पाहता हा विषय अगदी निराळा. पण १९६१ मध्ये ते म्हैसूर विद्यापीठाच्या भौतिकी विभागाचे प्रमुख झाले आणि द्रवस्फटिकांकडे वळले, तेव्हा याच अभ्यासाचा उपयोग झाला. क्ष-किरण आणि स्फटिकातील अणुपातळ्या यांच्यासाठी डार्विन यांनी १९१४ मध्ये मांडलेली गतिकीय उपपत्ती चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून दृश्य प्रकाश आणि कोलेस्टेरिक मळसूत्र यांना लागू केली. मळसूत्राच्या प्रत्येक फेऱ्यास एक परावर्तक पातळी मानून लिहिलेल्या अंतरसमीकरणांतून परावर्तनाचा पट्टा, त्याची रुंदी व पट्ट्यालगतचे वलन हे सर्व निष्पन्न होते आणि द व्रीस यांच्या निष्कर्षांशी जुळते.

१९७१ मध्ये ते बंगळूरला रामन संशोधन संस्थेत परतले. तेथे १९७७ मध्ये सदाशिव व सुरेश यांच्यासह त्यांनी तबकडीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले; तो शोध 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेला त्यांचा 'लिक्विड क्रिस्टल्स' हा ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ ठरला. १९८३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

७. पंचरत्नम् : तीस वर्षांची उपेक्षा

रामन यांचे दुसरे भाचे शिवराज पंचरत्नम् यांचे कार्य याच बंगळूरच्या संस्थेतले. ध्रुवित प्रकाशाच्या सर्व अवस्था एका गोलाच्या पृष्ठावरील बिंदूंनी दाखविण्याची पद्धत प्वांकारे यांनी १८९२ मध्ये घालून दिली होती. या गोलाचे दोन ध्रुव म्हणजे उजवा व डावा वर्तुळध्रुवित प्रकाश. १९५५ मध्ये पंचरत्नम् यांनी एकाच द्रव्याच्या तीन पट्टिका योग्य कोनांत जोडून दृश्य वर्णपटाच्या विस्तृत भागात चालणारा वर्तुळध्रुवक सिद्ध केला.

पुढील वर्षी त्यांनी एक मूलभूत प्रश्न विचारला : भिन्न ध्रुवणावस्थांतील दोन किरणशलाका 'समकला' केव्हा म्हणावयाच्या? त्यांच्या व्यतिकरणाची तीव्रता महत्तम असेल तेव्हा, असे उत्तर त्यांनी दिले. मग असे दिसून आले की, पहिली शलाका दुसरीशी समकला आणि दुसरी तिसरीशी समकला असूनही तिसरी पहिलीशी समकला असेलच असे नाही. कलांत उरणारे अंतर हे गोलावर त्या तीन बिंदूंनी बनणाऱ्या त्रिकोणाच्या घनकोनाच्या निम्मे असते. तो प्रकाश किती अंतर चालला यावर अवलंबून नसून ध्रुवणाच्या अवस्थांमधून कोणत्या वाटेने फिरला यावर अवलंबून असतो.

हा निष्कर्ष भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात छापला गेला आणि जवळजवळ तीस वर्षे कोणाच्याही फारसा दृष्टीस पडला नाही. पंचरत्नम् १९६९ मध्ये ऑक्सफर्ड येथे अवघ्या पस्तिसाव्या वर्षी निधन पावले. मायकेल बेरी यांनी १९८४ मध्ये पुंज यामिकीतील भौमितिक कला प्रतिपादिली. त्यानंतर १९८६ मध्ये रामशेषन् व राजाराम नित्यानंद यांनी 'करंट सायन्स'मध्ये पंचरत्नम् यांच्या कार्याकडे लक्ष वेधले, आणि बेरी यांनी १९८७ मध्ये त्याचे श्रेय मुक्तपणे मान्य केले. आज या कलेस पंचरत्नम्-बेरी कला म्हणतात.

हे नाव केवळ गौरवार्थ राहिलेले नाही. पृष्ठभागावर तरंगलांबीहून लहान अशा रेघा वा दांडे निरनिराळ्या कोनांत वळवून कोरले, तर अर्धतरंग पट्टिकेप्रमाणे वागणाऱ्या अशा प्रत्येक दांड्यामुळे हात बदललेल्या वर्तुळध्रुवित प्रकाशास त्याच्या वळणाच्या दुप्पट इतकी कला प्राप्त होते. उजव्या प्रकाशास धन, तर डाव्यास ऋण. हास्मान व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशी पृष्ठे प्रत्यक्षात आणली. काचेची वक्रता न वापरता प्रकाश केंद्रित करणाऱ्या सपाट भिंगांचा एक प्रमुख प्रकार याच तत्त्वावर उभा आहे.

८. नॅनोमीटरची पातळी

येथवरच्या विवेचनावरून नॅनोरचनांचे नेमके स्थान निश्चित करता येते. वर्तुळध्रुवित प्रकाशाच्या विद्युत् सदिशाचे टोक अवकाशात मळसूत्र रेखाटते. त्या मळसूत्राच्या आट्यांचे अंतर म्हणजे तरंगलांबी, दृश्य प्रकाशासाठी सुमारे ५०० नॅनोमीटर. सामान्य रेणूचा आकार एक नॅनोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या अंतरात प्रकाशाचे मळसूत्र एक अंशाहूनही कमी वळते. रेणूला उजवा प्रकाश व डावा प्रकाश यांतील भेद जवळजवळ कळतच नाही. म्हणून उजव्या-डाव्या शोषणांतील फरक व सरासरी शोषण यांचे गुणोत्तर, ज्यास विषमता-गुणक म्हणतात, ते बहुतेक सेंद्रिय रेणूंत सहस्रांश वा त्याहूनही कमी असते. त्याचे कमाल मूल्य २ असू शकते. कोलेस्टेरिक मळसूत्र हे दुसरे टोक. तेथे दोन्ही मळसूत्रे तंतोतंत जुळतात. दहा ते काही शतक नॅनोमीटरच्या रचना या दोहोंच्या मधल्या पट्टीत येतात. त्यांत धातूमधील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनाचा, म्हणजे प्लाझ्मॉन अनुनादाचा, लाभ मिळतो.

२००९ मध्ये कार्लस्रूए येथील गटाने सोन्याची मळसूत्रे उभी करून अवरक्त प्रकाशात, तरंगलांबी दुप्पट होईपर्यंतच्या विस्तृत पट्ट्यात चालणारा वर्तुळध्रुवक तयार केला. लिंडमान यांची तांब्याची वेटोळी येथे मायक्रॉनच्या परिमाणात आली. २०१२ मध्ये म्यूनिक येथील लीडल व सहकाऱ्यांनी डीएनएच्या घड्या घालून केलेल्या सांगाड्यावर दहा नॅनोमीटरचे नऊ सुवर्णकण मळसूत्री क्रमाने बसविले. सोन्याचा कण गोल, म्हणजे हस्तधर्मरहित. तरीही उजव्या व डाव्या मांडणीचे वर्णपट परस्परांचे प्रतिबिंब ठरले. २०१८ मध्ये सोल येथील नाम यांच्या गटाने सिस्टीनसारख्या हस्तधर्मी अमिनो अम्लाच्या सान्निध्यात सुवर्णकण वाढवून प्रत्येक कणाच्याच पृष्ठांना पीळ दिला, विषमता-गुणक ०.२ पर्यंत गेला. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिरप्या निक्षेपणाच्या पद्धतीने दृश्य प्रकाशात कार्य करणाऱ्या मळसूत्री प्लाझ्मॉन रचना मोठ्या क्षेत्रफळावर तयार केल्या.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय ठरतो तो स्टुटगार्ट येथील गीसन यांच्या गटाचा २०१३ चा निबंध. एकावर एक, परस्परांशी काटकोनात ठेविलेल्या दोन सुवर्णदांड्यांचे वर्तन त्यांनी बॉर्न व कून यांच्या युग्मित आंदोलकांच्या प्रतिमानाने उलगडले. दोन एकसारखे आंदोलक, त्यांच्यातील अंतर, कोन आणि युग्मन : चंद्रशेखरांनी क्वॉर्ट्झसाठी वापरलेले प्रतिमान याच जातीचे. फरक एवढाच की, क्वॉर्ट्झमध्ये आंदोलक अणूंचे असून त्यांच्याविषयी वर्णपटावरून अनुमान करावे लागे. सोन्याचे दांडे मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि त्यांतील अंतर हवे तसे बदलता येते. एके काळी जे गृहीतक होते ते आता साहित्य झाले.

उलट दिशेचा प्रश्नही जुनाच आहे. ल बेल व व्हान्ट हॉफ यांनी एकोणिसाव्या शतकातच असे सुचविले होते की, वर्तुळध्रुवित प्रकाश रासायनिक क्रियेत एका हाताचे रेणू अधिक निर्माण करू शकेल. कून व ब्राउन यांनी १९२९ मध्ये हा परिणाम प्रत्यक्ष दाखविला, पण तो अल्प होता. २०१५ मध्ये मिशिगन येथील कोटोव्ह यांच्या गटाने कॅडमियम टेलुराइडच्या नॅनोकणांवर वर्तुळध्रुवित प्रकाश सोडला असता ते कण एकत्र येऊन पिळलेल्या फिती बनल्या. उजव्या प्रकाशात उजव्या, डाव्यात डाव्या फितींचे आधिक्य होते व ते तीस टक्क्यांहून अधिक होते. प्रकाशाचा पीळ द्रव्यात उतरला.

९. उपसंहार

या इतिहासातून तीन अनुमाने निघतात.

पहिले असे की, 'द्रव्य की घडण' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक परिमाणात एकच आले : घडण. तथापि ते प्रत्येक परिमाणात स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागले, कारण मळसूत्र व तरंगलांबी यांचे गुणोत्तर बदलले की घटनेचे स्वरूपच बदलते. रेणूत ते सूक्ष्म वलन असते, धातूच्या दांड्यांत अनुनादी शोषण असते, द्रवस्फटिकात संपूर्ण परावर्तन असते. नॅनोरचनांचे नावीन्य तत्त्वात नाही. ते मधली पट्टी इच्छेनुसार घडविण्याच्या सामर्थ्यात आहे, आणि ते खरे नावीन्य आहे.

दुसरे असे की, बोस यांच्यापासून आजपर्यंत अखंड परंपरा कल्पिणे इतिहासास धरून होणार नाही. चंद्रशेखरांची वाट बोस यांच्या तागावरून आलेली नाही. ती स्फटिकांच्या वलनमापनातून व क्ष-किरणांच्या विलोपातून आलेली आहे. बोस यांचे श्रेय याने यत्किंचितही उणे होत नाही. पूर्वसूरींचा मान त्यांनी केले तेच सांगण्याने राखला जातो. त्यांनी न केलेले त्यांच्या नावे लावण्याने नव्हे.

तिसरे अनुमान विद्यापीठीय जीवनाशी निगडित आहे. पंचरत्नम् यांचा निबंध दडविलेला नव्हता. तो छापील होता, ग्रंथालयांत होता, इंग्रजीत होता. उणीव होती ती वाचणाऱ्याची. तो पुन्हा उजेडात आणला तो नवीन उपकरणाने नव्हे, तर जुने अंक उघडून पाहणाऱ्या दोन अभ्यासकांनी. प्रादेशिक व राष्ट्रीय नियतकालिकांतील लेखन दुय्यम समजून बाजूस ठेवण्याची सवय जेथे रुजते, तेथे अशी तीस वर्षे पुन्हा वाया जाण्याचा धोका कायम असतो. नागपूर विद्यापीठातून १९५१ मध्ये बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याने स्फटिकातील पिळाचा अर्थ लावला. त्याचे तरुणपणचे निबंध सुवर्णदांड्यांच्या वर्णपटांशेजारी ठेवून वाचण्याचे काम येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आजही करता येण्याजोगे आहे.